आंशिक समुद्रदर्शन

कल्पिता चौलकरच्या घरी तक्रारींची एक वही होती. पाहुणा तणतणत पडवीत आला की ती वही उघडायची, त्याच्या देखत दोन ओळी लिहायची, “बघते हां मी,” म्हणायची आणि वही मिटायची. त्या ओळी पुन्हा कोणी वाचत नसे. पण लिहिलं जातंय हे दिसलं की समोरचा माणूस निम्मा शांत होतो, हे तिला एकोणीस वर्षांच्या धंद्यात कळून चुकलं होतं.

मुरूडकडची ही मुलगी तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन दिवेआगरला आली, ती दत्तात्रेय चौलकरांच्या दीड एकराच्या वाडीत. माड, पोफळी, चार मिरीचे वेल आणि सासऱ्यांचं कौलारू घर. एका नाताळात एका कुटुंबाची गाडी वाडीसमोर बंद पडली म्हणून त्यांना माजघरात झोपायला दिलं आणि सुरमई खाऊ घातली. जाताना त्यांनी आग्रहाने पैसे दिले. तिथून सगळं सुरू झालं. आधी दोन खोल्या झाल्या. मग वादळात एका दुपारी निम्म्या पोफळी आडव्या झाल्या आणि त्यांच्या जागी आणखी तीन खोल्या उभ्या राहिल्या. मुलगा रोह्याच्या कारखान्यात लागला, सून रचना मदतीला आली आणि फाटकावर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी कायमची बसली.

त्या पाटीखालून आत आलेल्या माणसांनी कल्पिताला काय काय ऐकवलं होतं! पुण्याच्या एका गृहस्थांना समुद्राचा आवाज फार येत होता, दहानंतर तो कमी करता येईल का, असं त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं होतं. एका बाईंना माडावर नारळ लटकलेले बघून धास्ती बसली होती. पाहुणे यायच्या आधी ते उतरवून का ठेवत नाही? आणखी एकांची तक्रार होती की माशाला माशाचा वास येतो. कल्पिताने हे सगळं हसतमुखाने वहीत उतरवलं. लोकांना सुट्टी असली की तिला काम, आणि लोक कामावर गेले की तिला चादरी. एकोणीस वर्षांत ती स्वतः कुठे पाहुणी म्हणून गेली नव्हती. लग्नाकार्याला गेली तरी पंगत संपल्यावर भांडी मोजू लागायची.

गेल्या डिसेंबरात ठाण्याच्या सोनल गुप्ते नावाच्या मॅडम तीन दिवस राहायला आल्या. नुकत्याच त्या क्रूझवर जाऊन आल्या होत्या आणि अजून पुरत्या उतरल्या नव्हत्या. मोदक पुढे आले की, “क्रूझवर ना, बावीस प्रकारची डेझर्ट्स होती.” गरम पाणी आलं की, “क्रूझवर ना, सांगावंच लागत नाही.” दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “क्रूझवर ना, टॉवेलचा हत्ती करून ठेवतात पलंगावर.” त्या दुपारी कल्पिताने दार लावून घेतलं आणि टॉवेलशी तासभर झटापट केली. रचना आत आली, पलंगाकडे बघून म्हणाली, “आई, ही घूस का केलीत?”

सोनल मॅडम गेल्या आणि त्यांनी मोबाइलवर अभिप्राय टाकला. चार तारे. ‘जेवण उत्तम, माणसं प्रेमळ, पण क्रूझसारखी सर्व्हिस नाही.’

बाकी सगळं कल्पिताने गिळलं असतं, हे नाही गिळलं.

“आपण क्रूझला जायचं,” तिने जेवताना जाहीर केलं.

दत्तात्रेय काटा काढत होता. “कशाला?”

“समुद्र बघायला.”

त्याने मान वळवून मागच्या दाराकडे बघितलं. केवड्याच्या बेटापलीकडे समुद्र आपला नेहमीसारखा गाजत होता. “हा काय मग, तलाव हाय?”

“अहो, हा कामाचा समुद्र झाला. तिथे मी पाहुणी असणार. मी बसून राहणार, मला आणून देणार आणि मग मी तक्रार करणार.”

दत्तात्रेयाने बायकोच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि पुढचा काटा काढायला घेतला.

बोर्ली पंचतनला परेशभाईचं दुकान आहे. आजोबांच्या वेळी तिथे किराणा होता. आता आधार, वीजबिल, एसटीचं आरक्षण, झेरॉक्स आणि देशविदेश सहली असं सगळं एकाच टेबलावर होतं. परेशभाईने स्वतः दिघीची फेरी सोडून दुसरी बोट पाहिली नव्हती, पण त्याने क्रूझचं जे वर्णन केलं ते ऐकून तो नुकताच आंघोळ करून तिच्यातून उतरला असं वाटावं. “भाभी, एकदम मस्त. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्र. माणशी एकोणीस हजार नऊशे नव्व्याण्णव, एमां बधू आवी गयू. सगळं आलं यात.”

सगळं आलं होतं. फक्त बंदराचा कर, सरकारचा कर, सेवकवर्गाची बक्षिसी आणि ‘सुविधा शुल्क’ नावाची एक चीज तेवढी यायची होती. ती एकेक करून पडद्यावर उगवत गेली आणि आकडा तीस हजारांच्या पुढे जाऊन बसला. सुविधा कसली, असं कल्पिताने विचारलं. परेशभाई म्हणाला, “पैसे भरायची सुविधा.”

मग खोलीचा प्रकार. आतली खोली स्वस्त, पण तिला खिडकी नाही. बाल्कनीच्या खोलीचा आकडा ऐकूनच दत्तात्रेयाने दुकानाबाहेर जाऊन चहा सांगितला. कल्पिताने मधली धरली: समुद्र दिसणारी. पडद्यावर त्या खोलीच्या नावापुढे इंग्रजीत कंसात काहीतरी बारीक लिहिलेलं होतं. परेशभाईने चष्मा वर करून ते वाचायचा प्रयत्न केला आणि “ते काय नाय, असतंच,” म्हणून बटण दाबलं.

पैसे मुलाच्या खात्यातून जायचे होते आणि ओटीपी येणार होता घरी रचनाकडे असलेल्या फोनवर. दिवेआगरात चौलकरांच्या घरी नेटवर्क येतं ते नव्या खोल्यांच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला, तेही उभं राहिलं तर. परेशभाईने दुकानातल्या फोनवरून घरच्या लँडलाइनवर हाक द्यायची, रचनाने मोबाइल घेऊन जिना चढायचा, टाकीला वळसा घालायचा, तिथून आकडे ओरडायचे. पहिल्यांदा ती पोचेपर्यंत वेळ संपली. दुसऱ्यांदा पोचली, पण सहाचा आवाज नवासारखा आला. तिसऱ्यांदा सगळं जमलं तर कंपनीचं संकेतस्थळच झोपी गेलं. पाचव्या वेळी तिकीट झालं, तेव्हा रचना टाकीला टेकून बसली होती आणि तिला भेट म्हणून काय आणायचं हे तिने आताच सांगून ठेवलं.

तिकीट छापून आलं आणि त्यावर नाव होतं, ‘मिस्टर राघो’. राघो हे दत्तात्रेयाच्या वडिलांचं नाव. फॉर्मवर कुठल्या रकान्यात काय गेलं देव जाणे. नाव बदलायचं तर तिकिटाच्या निम्मे पैसे पुन्हा भरा, असं उत्तर आलं.

“आधारवर तिन्ही नावं हाय ने, चालशे,” परेशभाई म्हणाला.

“पण बाबा वारले त्याला वीस वर्षं झाली,” दत्तात्रेय म्हणाला.

“तर मग त्यांची काय हरकत?”

यानंतर कंपनीचे संदेश सुरू झाले. पहिला आला: ‘आपली सफर पुढे ढकलण्यात आली आहे हे कळवताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे.’ पंधरा दिवसांनी आणखी आनंद झाला आणि सफर अलीकडे आली, ती नेमकी सव्वीस जानेवारीच्या जोडसुट्टीवर. म्हणजे वर्षातले जे चार दिवस दिवेआगरात अंगणात तंबू ठोकून माणसं झोपतात, त्याच दिवसांत पाचही खोल्या रचनावर सोडून मालकीणबाई चालल्या मुंबईला.

निघाली ती पहाटे नाही, चांगली सकाळी आठला. दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा, तिथून मुरूड, अलिबाग करत मांडवा, मांडव्याहून गाड्या वाहणारी मोठी बोट भाऊच्या धक्क्याला. अशा दोन बोटींतून उतरून ती दोघं तिसऱ्या बोटीच्या दारात पोचली, तेव्हा तिथे दीड हजार माणसं रांगेत उभी होती. ही रांग सामानाची. पुढची कागदपत्रांची. त्यापुढची कार्डाची. प्रत्येक रांगेच्या टोकाला एक टापटीप मुलगा हसून स्वागत करायचा आणि पुढची रांग दाखवायचा.

तपासणीत कल्पिताची पिशवी अडली. आत नारळ होता, आपल्या वाडीतला, सोललेला. बोट सुटली की दर्याला द्यायचा म्हणून आणलेला.

“ये क्या है?” सुरक्षारक्षकाने यंत्राच्या पडद्यावरच्या गोल सावलीवर बोट ठेवलं.

“नारळ आहे.”

“फेंक के मारने का चीज अलाउड नहीं. बाहर का खाना भी अलाउड नहीं.”

“नक्की काय म्हणून नाही? मारायचा म्हणून की खायचा म्हणून?” कल्पिताने विचारलं. रक्षकाने दोन्ही म्हणून काढून ठेवला. दत्तात्रेयाच्या पिशवीतले सुके बोंबील मात्र यंत्राने नव्हे, रक्षकाच्या नाकाने पकडले. कल्पिताला काही बोलता येईना, कारण ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत’ ही पाटी तिच्या स्वतःच्या पडवीत होती.

खोली मात्र छान निघाली. पलंगावर टॉवेलचा हत्ती होता आणि तो खरोखर हत्तीच दिसत होता. कल्पिताने आधी तो उलगडून घड्या कशा घातल्यात ते बघितलं, मग पडदा सरकवला. खिडकीत समुद्र नव्हता. खिडकीभर भडक नारिंगी रंग होता. काचेला अगदी नाक लावून बघितल्यावर कळलं की ती जीव वाचवायची होडी, बाहेरच्या बाजूला टांगलेली, बरोबर यांच्या खिडकीसमोर. तिच्या पोटाखालून चार बोटांची निळी फट तेवढी दिसत होती.

दत्तात्रेयाला वाटलं, आता ही रडणार. पण कल्पिताचा चेहरा उजळला होता. एकोणीस वर्षं ज्याची वाट बघितली ती तक्रार पहिल्याच तासात हाताशी आली होती. तिने केस सारखे केले, पदर नीट खोचला आणि ती स्वागतकक्षाकडे निघाली.

तिथे चाळीस माणसांची रांग होती, तरी ती आनंदाने उभी राहिली. काउंटरपाशी निळ्या कोटातली एक मुलगी होती. छातीवर नाव होतं, जागृती.

“मॅडम, तुमच्या बुकिंगमध्ये लिहिलंय,” जागृतीने अतिशय गोड आवाजात सांगितलं, “समुद्रदर्शन, आणि कंसात, आंशिक.”

“चार बोटं दिसतो समुद्र.”

“हो ना मॅडम, आंशिक. आणि मॅडम, तुमची लाइफबोट अगदी तुमच्या खिडकीत आहे. बाकीच्यांना शोधत जावं लागतं. ही सोय सगळ्यांना नाही मिळत.”

इतकं सफाईदार उत्तर कल्पिताला स्वतःलाही सुचलं नसतं. मुलीने समोरच्या वहीत काहीतरी लिहिलं, “मी वरती कळवते,” म्हणाली. कल्पिताने निरखून बघितलं. मुलगी पेनाचं टोपण न काढताच लिहीत होती.

हरल्यासारखी ती परतली, पण जिद्द सोडली नाही. पुढच्या दोन दिवसांत तिने पाहुण्यांकडून शिकलेलं सगळं वापरून बघितलं. इंजिनाचा आवाज फार येतो, असं सांगितलं. तिला कानात घालायला कापसाचे बोळे आणून दिले. एसीच्या गार वाऱ्याने थंडी वाजते म्हटलं. दोन पांघरुणं आली आणि वारा तसाच राहिला. ‘कोकणी मेजवानी’ असा फलक लावलेल्या टेबलावर सोलकढी होती, रंगाने गुलाबी आणि चवीला गुलाबाचीच. पापलेटावर पांढरी मलई. कल्पिताने आचाऱ्याला बोलावलं आणि छातीठोकपणे सांगितलं, “या माशाला माशाचा वास येत नाही.” आचारी कमरेत वाकला आणि म्हणाला, “थँक यू, मॅडम.”

या सगळ्यात दत्तात्रेयाचं वेगळंच चाललं होतं. खोली आवरायला मणिपूरकडचा एक हसऱ्या तोंडाचा माणूस यायचा. तो दार उघडताच म्हणायचा, “गुड मॉर्निंग, मिस्टर राघो सर!” पहिल्या दिवशी दत्तात्रेयाने त्याला हिंदीत समजावलं, “राघो मेरा बाप. वो गुजर गया.” त्या माणसाने तोंड पाडून दुःख व्यक्त केलं आणि संध्याकाळी पुन्हा म्हणाला, “गुड ईव्हनिंग, मिस्टर राघो सर!” जेवणघरात, जिन्यात, कार्ड दाखवलं की सगळीकडे तेच. राघो चौलकर साठीपर्यंत लोकांचे माड चढत आले होते. गावाने त्यांना ‘ए राघ्या’ सोडून दुसरी हाक मारली नव्हती, आणि कामाचे पैसे घ्यायला गेले तर ते अंगणात उकिडवे बसत. दुसऱ्या रात्रीच्या जेवणाला पांढरे हातमोजे घातलेल्या वाढप्याने खुर्ची मागे ओढली आणि झुकून म्हणाला, “मिस्टर राघो, सर, प्लीज.” दत्तात्रेय खुर्चीवर बसला आणि त्याने खुर्चीच्या दोन्ही हातांवरून तळवे फिरवले.

“काय झालं?” कल्पिताने विचारलं.

“काय न्हाय गो. बाबांना कोणी खुर्ची दिलेली मी बघितली नव्हती.”

त्या जेवणात कल्पिताने सूप गार असल्याचं कोणाला सांगितलं नाही.

पण त्याच दिवशी सकाळी खरा गोंधळ होऊन गेला होता. न्याहारीच्या वेळी भोंग्यातून कप्तानाचा आवाज आला. गोव्याच्या धक्क्यावर जागा नसल्याने जहाज गोव्याला थांबणार नाही, त्याऐवजी सर्व पाहुण्यांना जहाजावरच अधिक वेळ घालवता येणार आहे, हे कळवताना त्याला अत्यंत आनंद होत होता. भरपाई म्हणून तंबोल्याची दोन तिकिटं मोफत.

पाच मिनिटांत स्वागतकक्षापुढे दोनशे माणसं जमली. सुरतेचे एक शेठ काउंटरवर थापा मारत होते. गोव्यात साखरपुडा ठरलेलं एक अख्खं कुटुंब नटूनथटून उभं होतं. एक बाई लेकराला पुढे करून विचारत होती की याला आता काय सांगायचं. आणि काउंटरमागे एकटी जागृती होती.

कल्पिताही तावातावाने गेली होती. रांगेत उभ्या उभ्या ती वाक्यं जुळवत होती. पण जसजशी जवळ गेली तसतशी तिची नजर त्या मुलीच्या पायांकडे जाऊ लागली. मुलगी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत होती. हसू ओठांवर होतं, मानेची शीर मात्र ताठ. कल्पिताला ते उभं राहणं ओळखीचं होतं. एका मे महिन्यात तीन दिवस वीज नव्हती, पाच खोल्यांतली बावीस माणसं पडवीत येऊन तिला घेरून उभी होती, तेव्हा ती अशीच उभी होती. वीज तिने घालवली नव्हती, आणि गोवा या मुलीने रद्द केला नव्हता.

तिचा नंबर आला. जागृतीने वही पुढे ओढली, टोपणासकट पेन उचललं आणि म्हणाली, “बोला मॅडम.”

कल्पिता पुढे झुकली आणि हळूच म्हणाली, “टोपण काढ आधी. मागचे लोक उंच आहेत, त्यांना दिसतं.”

मुलीने पेनाकडे बघितलं. मग कल्पिताकडे. तिला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं, तिने कोटाच्या बाहीने पटकन टिपलं.

“कुठली गं तू?”

“म्हसळ्याची.”

“अगो, मी दिवेआगरची! म्हसळ्यात कोणाची?”

मागून शेठ ओरडले, “बहेनजी, जल्दी करो!” कल्पिता वळली. पाहुण्यांना ताळ्यावर आणायचा तिचा एक खास आवाज होता, गोड पण दार लावून घेणारा. त्या आवाजात ती म्हणाली, “शेठ, माझी तक्रार मोठी आहे. वेळ लागेल.” आणि पुढची दहा मिनिटं तिने काउंटरला टेकून मुलीला श्वास घेऊ दिला. जागृती सात महिने बोटीवर होती. आणखी दोन बाकी होते. दर आठवड्याला बोट तिच्या मुलखाच्या समोरून जायची आणि दर आठवड्याला ती त्या वेळी आत दिव्याखाली उभी असायची.

तिसऱ्या दिवशी बोटीला कसलीच घाई नव्हती. मुंबईतही जागा दुसऱ्या सकाळीच मिळणार होती, त्यामुळे ती किनाऱ्यापासून दूर रमतगमत चालली होती. दुपारी चारला सगळे वरच्या मजल्यावर तंबोला खेळत असताना दत्तात्रेय कठड्याशी उभा होता. पूर्वेला धुरकट रेघ होती. त्याने डोळे बारीक केले.

“कल्पिता, इकडं ये. तो डोंगर बघ. हरिहरेश्वर हाय तो.”

“तुम्हाला काय सगळे डोंगर हरिहरेश्वरच दिसतात.”

“मामाच्या होडीवर चार वर्षं काढलीत मी. हा हरिहरेश्वर, तो श्रीवर्धनचा कोपरा, आणि त्याच्या वरच्या अंगाला आपण.”

म्हणजे तीन बोटी, अडीच दिवस आणि साठ हजार रुपये खर्चून ती दोघं आपल्याच घरासमोर आली होती. हे कळून कल्पिताला हसावं की बोटीतून उडी मारावी ते समजेना. तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला. जहाजाचं इंटरनेट महाग म्हणून तिने तीन दिवस तो नुसता फोटोंपुरता वापरला होता. आता त्यात नेटवर्कच्या चारही काड्या उभ्या होत्या.

“आई, तुम्ही लागलात एकदाच्या!” पलीकडे रचना होती. “तीन नंबरवाले पाहुणे डोकं खातायत. म्हणतात, समुद्र दिसेल म्हणून खोली घेतली आणि खिडकीत दोन माड आडवे येतात. पैसे परत मागतायत. माड तोडा म्हणतात. काय सांगू?”

कल्पिता कठड्यावरून वाकली. खाली, दोन मजले खाली, नारिंगी होडीची पाठ उन्हात तळपत होती.

“त्यांना सांग,” ती म्हणाली, “त्या खोलीला आंशिक समुद्रदर्शन म्हणतात.”

“काय म्हणतात?”

“आं-शि-क. आणि म्हणावं, माडाची सावली थेट खिडकीत येते, एसीची गरज लागत नाही. ही सोय बाकीच्या खोल्यांना नाही. गोड बोलून सांग. आणि वहीत लिही त्यांच्यासमोर.”

दहा मिनिटांनी रचनाचा पुन्हा फोन आला. पाहुणे शांत झाले होते. इतकंच नाही, तर पुढच्या वेळी हीच खोली द्या म्हणाले होते.

शेवटच्या सकाळी प्रत्येकाच्या दाराखालून अभिप्रायाचा कागद सरकवला गेला. कल्पिता घरून निघाली होती ती या कागदासाठी. तिने पेन घेतलं, तेवढ्यात दारावर टकटक झाली. जागृती होती.

“काकू, एक सांगू? स्वागतकक्षाला द्याल तर दहाच द्या. नऊ दिले तरी वरती नापास धरतात. आमच्या सुट्ट्या त्यावर ठरतात.”

“नऊला नापास?”

“हो. आणि एक दिला तर वरचे कोणाला काही म्हणत नाहीत, मलाच म्हणतात.”

कल्पिताने दहा दिले. खोली आवरणाऱ्याला दहा, हातमोजेवाल्याला दहा. आचाऱ्यापाशी पेन थोडं अडखळलं, पण त्याचंही कुठेतरी घर असणार म्हणून त्यालाही दहा. मग कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने कंपनीला उद्देशून मराठीत लिहायला घेतलं: नारळ, रांगा, सुविधा शुल्क, गोवा, होडी, सोलकढी, आणि एका मुलीला दोनशे माणसांपुढे एकटी उभी करणाऱ्यांना काय म्हणावं ते. कागद भरला तेव्हा दत्तात्रेयाच्या कागदाची मागची बाजूही वापरली.

आठ दिवसांनी उत्तर आलं. ‘प्रिय मिस्टर राघो, आपल्या सुंदर शब्दांबद्दल आभारी आहोत.’ सोबत पुढच्या सफरीवर पंचवीस टक्के सवलत होती, फक्त जुलै महिन्यात लागू. जुलैमध्ये ती बोट चालत नाही.

दिवेआगरला परत आल्यावर कल्पिताने पाचही खोल्यांना नवी नावं दिली. मागच्या दोन ‘आंशिक समुद्रदर्शन’, पोफळींकडच्या दोन ‘उद्यानदर्शन’ आणि विहिरीसमोरची ‘जलदर्शन’. दर थोडे चढवले. आश्चर्य म्हणजे तक्रारी कमी झाल्या. रचनाने सुरतेच्या एका कुटुंबाला विहिरीचं महत्त्व इतकं रंगवून सांगितलं की त्यांनी तिच्यासमोर फोटो काढले. कल्पिताला यात धंद्याचं समाधान होतं आणि आत कुठेतरी किंचित लाजही वाटत होती. पण फेब्रुवारीत पाहुण्यांची वर्दळ इतकी होती की लाज वाटून घ्यायला फार वेळ मिळाला नाही.

मग बचतगटाच्या बायका फोटो बघायला आल्या. केसर त्यांची अध्यक्ष. फोटोत काय, टॉवेलचा हत्ती होता, काचेचा जिना होता, मावळता सूर्य होता. कल्पिताने ठरवलं, खरं ते सांगायचं.

“गोव्याला थांबलीच नाही बोट,” ती म्हणाली.

“म्हणजे सगळा वेळ बोटीतच? वा! पैसे वसूल की,” केसर म्हणाली.

“खिडकीत समुद्र नव्हता, होडी होती.”

“अगो बाय, बोटीतून परत बोट दिसते!”

“अहो, चार चार तास रांगेत उभं राहावं लागतं.”

“रेशनला काय बसून मिळतं?” मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. कल्पिताने आणखी दोनतीनदा प्रयत्न केला. सोलकढीचं सांगितलं, तर आपण बाटलीत भरून नेऊ, असं ठरलं. बाटली काढून घेतात म्हटल्यावर साडीत कशी लपवायची याची चर्चा झाली. मग तिने नाद सोडला.

चार दिवसांनी अकरा बायका टमटममधून बोर्लीला परेशभाईच्या दुकानात उतरल्या. कल्पिताला त्यांनी बळेच सोबत घेतलं होतं, माहितगार म्हणून. परेशभाई उठून उभा राहिला. दहाच्या वर माणसं असली तर म्होरक्याला फुकट, असं त्याने सांगितलं आणि सगळ्यांनी कल्पिताकडे बघितलं.

“मी नाही येणार,” कल्पिता निक्षून म्हणाली. “त्या रांगेत मी पुन्हा उभी राहणार नाही.”

कोणी आग्रह केला नाही. परेशभाई कळफलक बडवत राहिला, तारखा सांगत राहिला. कल्पिता भिंतीवरच्या एसटीच्या वेळापत्रकाकडे बघत बसली. जरा वेळाने तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “आणि बाल्कनीची खोली असली तर वरचे किती भरायला लागतात?”

परेशभाईने आकडा सांगितला. तिने तो मनात घोळवला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

केसर मघापासून काहीतरी विचारू की नको करत होती. शेवटी तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “परेशभाई, नवऱ्याला न्यावंच लागतं का हो बोटीवर?”

परेशभाईने चष्मा वर केला, अटींची पाच पानं वरपासून खालपर्यंत सरकवली आणि तशी सक्ती कुठे दिसत नाही, असं सांगितलं.

“मग लिहा,” केसर म्हणाली, “बारा बायका.”